भामरे सर आणि सुटणारी किनार

जिग्नेशभाईंनी साडीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खेचो, मॅडम."

मी ओढलं. जोर लावावाच लागला नाही. साडीच्या कडेचे उभे धागे शेवयांसारखे सुटे झाले आणि माझ्या बोटांत अडकले. काठ सुरेख उतरला होता. मोर होता, वेल होती, जर नीट बसली होती. पण साडीच्या अगदी कडेला बोटभर रुंदीची एक साधी पट्टी असते, तिला आम्ही किनार म्हणतो. ती विणलीच गेली नव्हती. किनार नसली की साडी उसवत जाते. नेसायच्या आधीच.

"तिसरी बार," जिग्नेशभाई म्हणाले. सुरतेजवळ कडोदऱ्याला त्यांचा कारखाना आहे. मागांच्या आवाजात माणूस ओरडूनच बोलतो, पण ते ओरडले नाहीत. मला केबिनमध्ये घेऊन गेले, दार लावलं, पाणी दिलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. भांडणारा क्लायंट टिकतो. पाणी देणारा जायच्या तयारीत असतो.

"भामरेसाहेबांमुळे मी इतकी वर्षं दुसरं सॉफ्टवेअर बघितलं नाही," ते म्हणाले. "पण माझा माल परत येतोय. सोमवारपर्यंत बघतो. मग इटलीवाल्यांना बोलावतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, रेखाबेन."

मी खरं तेच सांगितलं. चूक काय आहे ते मला कळलं होतं. ती दोन वेळा मी माझ्या हाताने दुरुस्त केली होती. ती परत का येते, हे कळत नव्हतं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. आडवा धागा जातो तो बाणा. साडीवर मोर विणायचा तर प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे ठरवावं लागतं. ते उचलण्याचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसवलेलं असतं. त्याला जॅकार्ड म्हणतात. त्यात हजारो हुक असतात. कोणता हुक कधी वर, कधी खाली, याची फाइल जॅकार्डला द्यावी लागते. चित्रावरून ती फाइल बनवणारं सॉफ्टवेअर सुधाकर भामरे यांनी लिहिलं. त्याला एक छापील नाव होतं, पण सुरतेत ते कोणी घेत नसे. 'भामरेवालं चालू कर' एवढंच म्हणत.

भामरे सर मूळचे शिंदखेड्याकडचे. वडील सुरतेच्या उधन्यात माग चालवायचे. सर टेक्स्टाइलचे इंजिनिअर झाले आणि एका मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागले. तेव्हा डिझाइन ग्राफपेपरवर रंगवत. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्याने ओवायची, मागावर चढवायची. एका पदराची कार्डं ठेवायला खोली लागायची. एक चौकोन चुकला तर मोराला डोळा यायचा नाही. सरांनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकले आणि ग्राफचं सगळं काम पडद्यावर आणलं. शिकवायला कोणी नव्हतं. सुरतेत तेव्हा कोणाला विचारणार?

पहिला माग त्यांना करसनभाई नावाच्या शेठनी वापरायला दिला. "बिगाडना मत," एवढीच अट. तिथून सुरुवात झाली. पुढे बनारस, सेलम, कुठे कुठे ते सॉफ्टवेअर गेलं. त्याच्या चोरून केलेल्या कॉप्याही गेल्या. सर म्हणायचे, "चोरीचं असलं तरी कापड चांगलं निघतंय ना?"

त्यांचा एकच हट्ट होता. आम्ही एखादी दुरुस्ती केली आणि स्क्रीनवर दाखवायला गेलो की ते स्क्रीनकडे बघतच नसत. "कापड दाखव," म्हणायचे. पांडेसऱ्याच्या आमच्या ऑफिसमागे एक सॅम्पलचा माग होता. त्यावर वीतभर कापड विणून हातात दिल्याशिवाय ते काम झालं असं मानत नसत. मी कॉलेजमधून थेट त्यांच्याकडे लागले. आमचं घर नंदुरबारचं. मुलाखतीत त्यांनी माझ्याशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मला कळलं की नोकरी मिळाली.

तर, किनार.

सॉफ्टवेअरची मूळ प्रत ऑफिसच्या सर्व्हरवर असायची. मिलमधली सॉफ्टवेअरं रोज सकाळी तिथून ताजी प्रत ओढून घ्यायची. जॅकार्डचे शेवटचे काही हुक किनारीचे धागे उचलतात. आमच्या प्रोग्रामच्या अगदी गाभ्यात, सरांनी स्वतः लिहिलेल्या भागात, ते हुक कायमचे बंद केलेले मला सापडले. मी जुनी प्रत काढली आणि वर चढवली. किनार परत आली. जिग्नेशभाई खूश झाले. काही दिवसांनी परत तेच. परत तेच हुक बंद. बाकीच्या मिलांत किनार बांधायचं वेगळं यंत्र असतं, म्हणून त्यांना पत्ताही लागला नाही. जिग्नेशभाईंकडे ती जॅकार्डवरच विणली जायची, म्हणून तेच मरत होते.

सरांचा मुलगा राकेश आता कंपनी बघायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सर ऑफिसला क्वचितच येत, दिंडोलीच्या घरूनच काम करत. मी कडोदऱ्याहून परतले तेव्हा राकेश माझी वाटच बघत होता.

"व्हायरस आहे का?" त्याने विचारलं.

"व्हायरस इतका शहाणा नसतो. किनारीचे हुक कुठले ते त्याला कसं कळणार? हे माणसाने केलंय."

"मग अश्विनने केलंय," राकेश म्हणाला.

अश्विन वानखेडे माझा कामातला जोडीदार होता. अकोल्याचा. बायको आणि आई इथेच, लिंबायतला. सर्व्हरच्या आत जायची परवानगी ऑफिसात आम्हा दोघांनाच होती. कोणी काय बदललं याची नोंद ठेवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. त्याने दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत दिल्याचं राकेशच्या कानावर आलं होतं.

मी म्हटलं, "अश्विन असं करणार नाही."

"मग तुम्ही केलंय का, रेखाताई?"

त्याने अश्विनला बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं, आत काय चाललंय ते सगळ्यांना ऐकू जात होतं. अश्विन चिडला नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्हालाही तसं वाटतं?"

"नाही."

"मग सांगा ना यांना."

मी सांगितलं. परत सांगितलं. राकेशला सोमवार दिसत होता आणि सोमवारच्या आत कोणीतरी दोषी हवा होता. संध्याकाळी अश्विनने टेबलाचा ड्रॉवर रिकामा केला. राकेशने त्याचा पासवर्ड बंद करायला लावला. हुक मी परत चालू केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं, तर हुक बंद.

राकेश बाहेर होता. मी त्याला फोन केला नाही. प्रोग्रामचा तो भाग कोणालाच नीट कळत नव्हता, एका माणसाशिवाय. हे आधीच करायला हवं होतं असं मनाशी म्हणत मी रिक्षा केली आणि दिंडोलीला गेले. मला वाटलं, सर बघतील, हसतील आणि म्हणतील, अगं हे असं आहे.

शैलाकाकूंनी दार उघडलं. सरांच्या पत्नी. "आत बसलेत. कामात आहेत," म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला तो गुडघ्याच्या सेवेचा थकवा वाटला.

सर कॉम्प्युटरसमोर होते. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. मला बघून आनंदले. "ये व माय. बठ."

मी बसले आणि स्क्रीनवर नजर गेली. तोच भाग उघडा होता. सर्व्हरवरची मूळ प्रत. सरांची परवानगी कधी कोणी काढली नव्हती. काढायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. देवळात देवाला पास विचारत नाहीत.

"बरं झालं तू आलीस," सर म्हणाले. "हे बघ. करसनभाईंच्या मशीनचे शेवटचे हुक मोडलेत. उचलायला गेलं की सगळं अडकतं. म्हणून ते बंद ठेवायचे. मी बंद करतो, आणि ऑफिसात कोणीतरी परत चालू करतं. मी बंद करतो, ते चालू करतं. कोण करतं गं?"

त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. समजावून सांगणारा. एकही शब्द अडखळत नव्हता.

करसनभाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, सर आणि मी सोबत गेलो होतो. पांढऱ्या गाद्यांवर शेजारी बसलो होतो. त्यांची मिल पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. मोडक्या हुकांचा तो जुना माग भंगारात गेला, तेव्हा मी शाळेत असेन.

"सर," मी म्हटलं, "करसनभाई..."

"त्यांना सणाआधी साड्या द्यायच्यात. माणसाने आपल्यावर विश्वास टाकलाय." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तू ऑफिसात बघ. कोण चालू करतंय ते मला सांग."

"बघते, सर," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात काकू गॅससमोर नुसत्या उभ्या होत्या. गॅस पेटवलेला नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या दिवाळीपासून लक्षात यायला लागलं. देवळातून घरी यायचा रस्ता चुकले. कधीच वारलेल्या वडिलांसाठी जेवायला थांबायचं म्हणतात. राकेशला सांगितलं तर म्हणतो, वय झालं, होतं थोडं विसरायला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "कॉम्प्युटरसमोर बसले की माणूस ठिकाणावर असतो गं. तेवढा वेळ मला माझा नवरा मिळतो. ते काढून घेऊ नकोस, रेखा."

मी चहा न घेता निघाले. रिक्षात मला रडू आलं नाही. मी हिशेब करत होते की त्यांच्या हातात प्रोग्रामचे आणखी कोणकोणते भाग गेले असतील. या धंद्याची सवयच तशी आहे. आधी नुकसान मोजायचं.

राकेशला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. "पप्पांनी? रेखाताई, हे पप्पांनी बनवलंय! त्यांना त्यातली ओळन् ओळ पाठ आहे!"

"ओळी पाठ आहेत. वर्ष कुठलं ते आठवत नाहीये."

तो माझ्यावर ओरडला. मग फोन लावून आईवर ओरडला. फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "अश्विनला फोन करा."

मी केला. अश्विनने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, सरांना सांभाळा. मी येणार नाही." त्याचा आवाज कोरडा होता. "राकेशभाईंनी आधी माझं नाव घेतलं ना. सगळ्यांसमोर." मला त्याचं चूक वाटलं नाही.

मग आम्ही आम्हाला सुचला तो मार्ग काढला. सरांचा पासवर्ड मी बदलला नाही. मूळ प्रतीत हुक परत चालू केले आणि त्यांच्या कॉम्प्युटरला सर्व्हरऐवजी एक वेगळी प्रत जोडून दिली. दिसायला हुबेहूब तीच. त्यात त्यांनी काहीही केलं तरी ते घरातच राहणार होतं. सरांना फरक कळला नाही. काकू फोनवर म्हणाल्या, "देव तुझं भलं करो." मला वाटलं, जमलं.

मग सरांचा फोन आला. "हुक बंद केलेत. आता कोणी चालू केलेले नाहीत. कापड दाखव."

"चांगलं आलंय, सर."

"चांगलं आलंय ते मला हातात दे."

रोज फोन. रोज एकच वाक्य. आधी मी कारणं दिली. माग बंद आहे, सूत आलं नाही. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. बाकी सगळं विसरत होते, एवढं एक विसरत नव्हते.

शेवटी एका सकाळी ते काकूंना घेऊन रिक्षाने ऑफिसलाच आले. हातात काठी, खिशात पेनड्राइव्ह. सगळा स्टाफ उभा राहिला. राकेशने मला बाजूला घेतलं. "आपली बरोबर फाइल चालवा. चांगलं कापड निघेल, खूश होऊन घरी जातील."

मी तेच करणार होते. फाइल मशीनमध्ये तयार ठेवली होती. पण सर सॅम्पलच्या मागाजवळ गेले, जॅकार्डच्या कंट्रोलरमधला आमचा पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि स्वतःचा लावला. बटणं बरोबर दाबली. त्यांना अडवायचं तर सगळ्यांसमोर हात धरावा लागला असता. राकेशने धरला नाही. मीही नाही.

माग सुरू झाला. सर वाकून बघत राहिले. आवाजाने त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान आलं. ते मी फार दिवसांनी बघत होते. वीतभर कापड झाल्यावर त्यांनी माग थांबवला, कापड कापायला लावलं आणि कड बोटांत धरली.

धागे सुटले.

त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा सुटले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, कापड उजेडात नेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे भामरे सर होते. पूर्ण. आमचे. सुरतेतल्या कुठल्याही मागावरची चूक बोटांनी ओळखणारे.

"हाई कोनी करं?" त्यांनी विचारलं. हे कोणी केलं?

"किनारीचे हुक बंद केलेत कोणीतरी," ते मराठीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. "इतकी साधी गोष्ट. असं कापड गिऱ्हाइकाला गेलं तर तो आपल्याला दारात उभं करेल का? कोण आहे तो?"

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

"शोधून काढ. आणि त्याला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नकोस." त्यांनी कापड माझ्या हातात ठेवलं. "कामात चूक होते, मी समजू शकतो. पण ज्याला आपण काय करतोय ते कळत नाही, त्याला मशीनजवळ ठेवायचं नाही. मग तो कोणी असो."

"हो, सर."

"वाईट वाटून घेऊ नको व माय. दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न असतो."

राकेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. काकूंनी सरांचा हात धरला आणि त्यांना रिक्षापर्यंत नेलं. जाताना सर स्टाफला म्हणाले, "चांगलं काम करा." मग पायरीवर थांबून काकूंना विचारलं, "हे कोणाचं ऑफिस आहे?"

त्या दिवसानंतर राकेश त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला माहीतच होतं. घरातला कॉम्प्युटर कोणी हलवला नाही. सर काही महिने त्याच्यासमोर बसायचे, मग नुसते बसायचे, मग बसेनासे झाले. काकूंनी त्यावर कापड टाकून ठेवलं.

जिग्नेशभाई त्याआधीच, ठरलेल्या सोमवारी गेले होते. किनार परत आली होती, पण ती टिकेल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. फोन करून सांगितलं, माफीही मागितली. आमच्यात काय घडलं ते मी त्यांना सांगू शकले नाही. घरातली गोष्ट होती. बाजारात मात्र बातमी पसरली की भामरेवालं कापड बिघडवतं. सुरतेच्या बाजारात अशी बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पोहोचते. एकेक करत गिऱ्हाइकं गेली. राकेशने कंपनी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला विकली. त्यांना सॉफ्टवेअर नको होतं, उरलेली गिऱ्हाइकं हवी होती. त्यांनी सरांचा प्रोग्राम बंद केला आणि स्वतःचा दिला. तो चांगला आहे. मी आता त्याचाच सपोर्ट बघते, इच्छापोरच्या ऑफिसातून.

अश्विन मला कधीमधी कापड मार्केटात भेटतो. घरचं विचारतो. ऑफिसचं बोलत नाही.

सर आहेत. मी गेले की हात जोडतात, जसे पाहुण्याला जोडावेत.

नव्या कंपनीत एक नियम आहे. कोणीही केलेला बदल दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय मशीनपर्यंत जात नाही. मग तो मालकाने केलेला का असेना. चांगला नियम आहे, प्रत्येक छोट्या ऑफिसने लावावा. आमच्याकडे असता तर अश्विनची नोकरी वाचली असती. कदाचित कंपनीही वाचली असती. भामरे सर वाचले नसते. तसा नियम अजून कोणी लिहिलेला नाही.